हसणारी ग्रामीण स्त्री

चिखली, २९ डिसेंबर २०२४

प्रिय अनुताई,
सा. न. वि. वि.

फोनवर तू 'पटकन बोल' म्हणतेस आणि पटकन मला काही सुचत नाही, म्हणून मेलवर लिहितोय. दिवसभर लोकांच्या लग्नपत्रिका टाइप करतो, तर एक पत्र आपल्या घरातलं.

मोठं काम आलंय. उंद्रीच्या आशाबाईंचा बचत गट आहे. अठरा जणी, मिरची आणि हळद दळतात. यंदा हळदीकुंकवाला वाण म्हणून द्यायची छोटी पाकिटं काढतायत, एकूण दहा हजार. पाकिटावर हसऱ्या बाईचा फोटो पाहिजे. मी म्हटलं, गटातल्याच एकीचा काढू. आशाबाई म्हणाल्या, "एकीचा टाकला तं बाकीच्या सतरा जनी रुसतीन. तू बाहेरची बाई आन."

आता बाहेरची बाई आणायची कुठून? गूगलवरून उचलायची सोय राहिली नाही. मागच्या जूनमध्ये एका क्लासच्या बॅनरवर मी गूगलवरचाच एक चष्मेवाला पोरगा 'तालुक्यात पहिला' म्हणून लावला. समोरच्या क्लासनंही तोच लावला होता. दोन्ही सर माझ्या दुकानात येऊन भांडले आणि चहा मी पाजला.

तुझं कामच फोटो विकत घ्यायचं आहे. मी तीन वेबसाइट पाहिल्या. एक फुकटवाली, एक महिनेवारीवाली, महिन्याला ठरावीक फोटो देणारी, आणि एक महागडी, एकेक फोटो मोजून देणारी. कुठून घेऊ? खामगावच्या छापणाऱ्यानं तेरा जानेवारीची मशीन दिली आहे. ती चुकली तर थेट फेब्रुवारी, म्हणजे रथसप्तमी होऊन जाणार. तेव्हा वाण काय डोक्यावर घ्यायचं?

तुझा,
सागर

•

पुणे, ३० डिसेंबर

प्रिय सागऱ्या,

अखेर तुला विचारायची बुद्धी झाली. नीट वाच, मग कामाला लाग.

फुकटवालीकडे फिरकू नकोस. तिथे फोटो कोणीही टाकतं. फोटोतल्या माणसाला विचारलं होतं का, याची हमी कोणी देत नाही. उद्या ती बाई दारात उभी राहिली तर वेबसाइट हात वर करते आणि सापडतोस तू. महिनेवारीवाली तुला परवडणार नाही, दहा फोटोंचे पैसे भरून वापरणार एक. महागडीकडूनच घे. तिथे चेहरा असलेल्या प्रत्येक फोटोमागे संमतीपत्र असतं, फोटोतल्या माणसाच्या सहीचं. वाद झाला तर कंपनी त्याची प्रत देते.

कोणताही फोटो घेताना तीन गोष्टी बघ. काढला कोणी, आहे कोणाचा आणि कागद आहे का. आमच्या एजन्सीत हे तपासायचं काम माझ्याकडेच आहे. सहा वर्षांत एकही फोटो माझ्या हातून कागदाशिवाय पुढे गेलेला नाही. फोटो सुंदर असून भागत नाही, कागद लागतो.

आत्याला नमस्कार सांग. गुडघ्याचं तेल पाठवलंय.

तुझी,
अनुताई

•

चिखली, ३ जानेवारी २०२५

प्रिय अनुताई,

चार दिवस महागडीवर बायका शोधतोय. आई मागून जाता-येता बघते आणि काही बोलत नाही, त्याचीच जास्त भीती वाटते.

'मराठी स्त्री' टाकलं की नऊवारी नेसलेल्या, हनुवटीपर्यंत नथ लोंबणाऱ्या मुली येतात. एकीनंही उभ्या जन्मात मिरची कांडली नसेल. 'ग्रामीण स्त्री' टाकलं की घागरेवाल्या येतात. गव्हाच्या शेतात डोक्यावर रिकामी घागर घेऊन त्या का हसतात, हे त्यांनाच ठाऊक. उंद्रीत अशी कोणी शेतात हसत उभी राहिली तर लोक तिला देवऋषीकडे नेतील.

पण काल सापडली. साठीच्या आतबाहेरची, डोक्यावर पदर, हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके. पुढ्यात मेथीच्या जुड्या. आणि अशी मनापासून हसते आहे की दातांची पूर्ण ओळ दिसते. मी स्थळाच्या फोटोला मुलींना 'ई' म्हणायला लावतो, म्हणजे ओठ आपसूक हसतात. पण ते हसू शिकवलेलं दिसतं. हिचं तसं नाही.

खाली नाव दिलंय, 'हसणारी ग्रामीण स्त्री, महाराष्ट्र'. काढणारा 'बेसाल्ट' म्हणून कोणी आहे. संमतीपत्र आहे, अशी हिरवी खूण आहे. तुझ्या तिन्ही कसोट्यांना उतरली. फोटो सोबत पाठवलाय. तू हो म्हण, की लगेच घेतो.

सागर

•

पुणे, ४ जानेवारी

सागर,

तो फोटो घेऊ नकोस. असले फोटो फार ठिकाणी वापरून झालेले असतात, तुझ्या पाकिटाचं वेगळेपण राहणार नाही. दुसरा बघ, किंवा नुसती मिरची घे. घरी पाहुणे आहेत, जास्त लिहीत नाही.

अनु

•

चिखली, ८ जानेवारी

प्रिय अनुताई,

रागावू नकोस. तुझं पत्र आलं त्याआधीच आशाबाईंना फोटो दाखवून झाला होता आणि अठराही जणींना ती आवडली होती. अठरा बायकांचं एका गोष्टीवर एकमत होणं हा योग मोडायची माझी हिंमत झाली नाही. पैसे भरले, पावती घेतली. फार ठिकाणी वापरलेला असला तरी उंद्रीत कोण पाहतंय?

फक्त एक अडचण आली. आशाबाई म्हणाल्या, "कपाय मोकयं आहे बाईचं. वानाच्या पाकिटावर अशी बाई कशी चालन, भाऊ? कोनी हातात तरी घेईन काय?" बरोबर होतं त्यांचं. मग मी कॉम्प्युटरवर तिला कुंकू लावलं. दोन मिनिटांचं काम. चांगलं रुपयाएवढं, लालभडक. एकदम लक्ष्मी दिसायला लागली.

वीस पाकिटं नमुन्याला काढून उंद्रीला पाठवली आहेत. तेराला खामगाव. तू खूश नाहीस असं का वाटतंय मला?

सागर

•

चिखली, १० जानेवारी

अनुताई,

तू उत्तर दिलं नाहीस आणि मी आज दुकान अर्धं शटर टाकून बसलो आहे.

सकाळी एक बाई आली. पूनम नाव. उंद्रीत दिलेली, गटातलीच, पण फोटो पसंत करायच्या दिवशी माहेरी गेलेली; आशाबाईंनी तिला न विचारताच अठरात धरलं होतं. आली ती पाकीट हातात धरूनच. मला वाटलं छपाईत काही चूक असेल. ती म्हणाली, "हे कोन आहे?"

मी म्हटलं, "कोणी नाही. इंटरनेटवरची बाई आहे."

"इंटरनेटवरची नाई. लोनारची आहे. माही माय आहे."

मी हसलो, अनुताई. खरंच हसलो, मला वाटलं थट्टा करते. मग तिनं मोबाइल काढून दाखवला. तेच गोंदण, तेच दात. सुभद्राबाई, लोणारच्या बाजारात भाजी विकते. पूनमचे वडील पुंजाजी आठ वर्षांपूर्वी वारले.

"माह्या मायच्या कपायावर हे कोनं लावलं?" तिनं विचारलं.

मी 'मी' म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीवर बसून नखानं पाकिटावरचं कुंकू खरवडायला लागली. ते शाईचं, निघतंय कुठं. म्हणाली, "आठ वर्स झाले, तिले कोनी हयदीकुकाले बलावत नाई. मी सोताच्या घरी बलावलं नाई तिले. अन् तुमी तिच्या तोंडाचं वान वाटता?" मग विचारलं, "तिले इचारलं काय कोनी? फोटो काढताना, इकताना?"

मी सांगितलं की कागद आहे, सहीचा. तुझंच वाक्य सांगितलं. ती म्हणाली, "मंग दाखवा." मी कंपनीला प्रत मागितली आहे.

तीन दिवस उरलेत. आशाबाईंनी गिरणीवर मिरचीची पोती आणून ठेवली आहेत. काय करू ते सांग. पटकन सांग, आता मी पटकन ऐकतो.

सागर

•

पुणे, १० जानेवारी, संध्याकाळ

सागर,

घाबरू नकोस. कुंकू लावलंस ही तुझी चूक, ते आजच्या आज काढून टाक. मिरची पावडर सगळ्यांसाठी असते, असं आशाबाईंना समजावून सांग.

बाकी तू काही गैर केलेलं नाहीस. रीतसर ठिकाणाहून, पैसे भरून, कागद असलेला फोटो घेतला आहेस. तिच्या आईनं सही केली असेल आणि विसरली असेल. बाजारात कोणी कागद पुढे केला की बायका सही करून मोकळ्या होतात, नंतर त्यांना आठवतही नाही. पूनमशी जास्त बोलू नकोस. लेखी काहीच देऊ नकोस. आणि ती प्रत मागवायची काही गरज नव्हती, मागणी मागे घेता येते का बघ.

तेराला छापून टाक.

अनु

•

चिखली, ११ जानेवारी

अनुताई,

प्रत आली. मागणी मागे घ्यायच्या आत आली, हे माझं नशीब की तुझं, ते तू ठरव.

वर सगळं इंग्रजीत आहे. खाली मराठीत सही आहे, 'सौ. सुभद्राबाई पुंजाजी'. शाई निळी, अक्षर मोत्यासारखं.

दुपारी पूनमला फोन करून विचारलं, तुझ्या आईला सही येते का? म्हणाली, "नाई. आंगठा देते. रेशनले बी आंगठाच देते." मग मी त्या कागदावरची तारीख सांगितली. ती फोनवरच महिने मोजायला लागली. म्हणाली, त्या दिवशी बाबांना जाऊन दीड महिना झाला होता.

दीड महिन्याची विधवा बाई स्वतःच्या नावामागं 'सौ.' लिहीत नाही, अनुताई. सही येत असती तरी लिहिलं नसतं. ते दुसऱ्या कोणाच्या तरी हाताच्या सवयीनं लिहिलंय.

आणि तो हात मला माहीत आहे. 'सुभद्राबाई'मधला भ. तू भ लिहिताना वरच्या गाठीला एक वेलांटीसारखा फाटा काढतेस. सातवीत माझी निबंधाची अख्खी वही तू लिहून दिली होतीस आणि जोशीबाईंनी त्या भवरूनच मला पकडलं होतं. ती वही आईनं अजून जपून ठेवली आहे. आज काढून शेजारी ठेवून पाहिली.

२०१६ च्या डिसेंबरात तू नवा कॅमेरा घेऊन लोणारला गेली होतीस. आमच्याकडूनच गेलीस, आईनं धपाटे बांधून दिले होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. नाव तरी बरोबर घेतलंस. बेसाल्ट म्हणजे पाषाणच की.

मशीन परवा आहे. मला खोटं लिहू नकोस.

सागर

•

पुणे, १२ जानेवारी

सागर,

हो. फोटो मी काढला आणि सही मी केली.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते. नोकरी नव्हती, कॅमेरा बाबांच्या पैशांनी घेतलेला. पुण्यात जिथे जाईन तिथे माझं बोलणं ऐकून लोक हसायचे. आपल्याकडच्या माणसांचे फोटो या साइटवर नाहीत, म्हणून मी ते टाकायचे ठरवले. तो फोटो घरी येऊन पाहिला तेव्हा कळलं की असा पुन्हा निघणार नाही. साइट म्हणाली, चेहरा आहे, कागद पाहिजे. लोणारला परत जायला दीड दिवस लागला असता. तिचं नाव शेजारच्या कांदेवालीकडून कळलं होतं. मी लिहून टाकलं. 'सौ.' कसं लिहिलं, मला आठवत नाही.

पण मी चोरून काढलेला नाही, एवढं मान. समोर उभं राहून विचारलं होतं, काढू का म्हणून. आणि ती हसली. फोटोत दिसतंच आहे. कॅमेऱ्याकडे बघून इतकं मनापासून हसणाऱ्या बाईची हरकत होती असं कोण म्हणेल? मी ते हसू म्हणजेच हो धरलं. तिला फोटो दाखव. तिला आठवेल.

माझी नोकरी या कागदांवरच आहे, सागर. हे बाहेर आलं तर मी तपासलेल्या प्रत्येक कागदावर संशय येईल. घराचे हप्ते आहेत, अद्वैतची शाळा आहे. तुला शपथ घालत नाही. कुंकू काढून छाप, किंवा नको छापूस. तिच्यासाठी काय करायचं ते मी करीन. पण पूनमला माझं नाव सांगू नकोस.

अनु

•

चिखली, १३ जानेवारी, दुपार

अनुताई,

तिला फोटो दाखव म्हणालीस. दाखवला.

सुभद्राबाई आज पहिल्या एसटीनं लोणारहून मेहकरमार्गे आली. पूनम स्टँडवरून घेऊन आली. बाई उंचीला लहान आहे. फोटोत बसलेली असल्यामुळे कळत नाही. मी कुंकू काढून ठेवलं होतं. खुर्ची दिली, स्क्रीन तिच्याकडे वळवला. खामगावहून सकाळपासून तीन फोन येऊन गेले होते आणि चौथा वाजत होता. मी घेतला नाही.

तिनं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "जवान दिसून राह्यली मी."

मला जरा धीर आला. मी म्हटलं, "मावशी, फार छान हसलात तुम्ही."

"कोन हासलं?"

"तुम्हीच. हे पहा, खाली लिहिलंच आहे, हसणारी स्त्री."

"मी हासून नाई राह्यली, बापू," ती म्हणाली. "मी नाई म्हनून राह्यली."

मला कळलं नाही. पूनमलाही नाही. बाईनं समजावून सांगितलं, लहान पोराला सांगावं तसं. "मालक गेल्यावर पह्यल्यांदाच बजारात बसली होती मी. तोंड दाखवाची लाज वाटे. थे पोरगी आली मशीन घेऊन, म्हने काढू काय? मी म्हनलं, नाई. तिनं मशीन वर केलं, मी पुना म्हनलं, नाई, बाई. तवाच खटका वाजला. तुले खोटं वाटते काय? म्हन तू. नाई म्हन, अन् आरशात पाय."

आमच्या दुकानात आरसा आहे, गिऱ्हाइकांना केस विंचरायला. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, नाई. तू पण करून बघ. ओठ फाकतात, दात दिसतात, गाल वर चढतात. मी पोरींना 'ई' म्हणायला लावतो ना, तेच. पुण्यात 'नको' म्हणतात, तोंड गोल होतं. आपल्याकडची बाई 'नाई' म्हणते आणि फोटोत हसते.

मी पाच-सहा वेळा म्हणून पाहिलं. पूनमनं मागून म्हटलं, "बस करा आता." ती रडत होती. सुभद्राबाई रडली नाही. तिनं फोटो कोण्या पोरीनं काढला ते विचारलं. मी म्हणालो, पुण्याची आहे. नाव सांगितलं नाही. तू म्हणालीस म्हणून नाही, माझीच जीभ रेटली नाही. माझ्या बहिणीचं नाव मी त्या बाईसमोर घेऊ शकलो नाही.

"मंग पाकिटावर काय टाकता?" तिनं विचारलं. मग तीच म्हणाली, "मिरचीचा काढा ना फोटो. मिरची नाई म्हनत नाई."

आशाबाईंना फोन केला. मला वाटलं फाडून खातील. त्या म्हणाल्या, ये गिरणीवर, सुपात मिरच्या काढून ठेवते. मी मोबाइलवर सुपातल्या मिरच्या काढल्या आणि तासाभरात डिझाइन बदललं. आता खामगावच्या गाडीत बसून हे लिहितोय. मशीन चारपर्यंत थांबवतो म्हणालाय.

निघताना पूनम आईला म्हणाली, उद्या माझ्या घरी हळदीकुंकू आहे, थांब. म्हातारी काय म्हणाली असेल? "नाई." पण या वेळी मी तिच्याकडे पाहत होतो. आता हसण्यातला आणि 'नाई' म्हणण्यातला फरक मला कळतो, या वेळी ती खरंच हसत होती. पूनमनं तिची पिशवी काढून घेतली आणि तिला उंद्रीच्या रिक्षात बसवलं.

मी तुझ्यावर रागावलो आहे. मी स्वतः दोन मिनिटांत एका विधवेला कुंकू लावलं आणि लक्ष्मी म्हणालो, त्यामुळे जास्त आवाज करायची सोय नाही. पण तू बावीस वर्षांची होतीस, तुला वाटलं ती हसली, एवढं मी धरून चालतो. आईला यातलं काही सांगितलेलं नाही.

सागर

•

पुणे, १४ जानेवारी २०२५

प्रिय सागर,

आज संक्रांत. तिळगूळ पाठवला नाही. गोड बोला, असं तुला लिहायचा आज माझा हक्क नाही.

सकाळी कंपनीला खरं काय ते लिहिलं. फोटो तिथून निघाला, खातं बंद झालं. पण विकलेले परत येत नाहीत. यादी मागवली. सत्तेचाळीस ठिकाणी गेलाय. एका कर्जाच्या जाहिरातीत, एका डोळ्यांच्या दवाखान्यात, कुठल्याशा परदेशी चहाच्या डब्यावर. सत्तेचाळीस ठिकाणी ती नाई म्हणते आहे. दुपारी साहेबांच्या टेबलावर सगळं ठेवलं. त्यांनी विचार करायला आठ दिवस घेतलेत. मी मागितले नव्हते.

रविवारी लोणारला जाते आहे. तू येऊ नकोस. माझं नाव मी सांगीन.

काल तुझं पत्र वाचून मी आरशासमोर गेले नाही. गरज नव्हती. हा शब्द मला कोणी शिकवायला नको. आई तोच म्हणायची, आत्या अजून तोच म्हणते. पुण्यात मी तो सोडून द्यायला दोन वर्षं घेतली. तू म्हणतोस, मला ती हसली असं वाटलं, एवढं धरून चालतोस. धरू नकोस. तिनं दोनदा म्हटलं, हे तिनं बरोबर सांगितलं.

सागर, मला दोन्ही वेळा ऐकू आलं होतं.

अनु